टिली मावशीची भाची

यंदाच्या चवथीला भाची आली ती एक जुना लॅपटॉप बगलेत मारून. कुठल्याशा ऑफिसातून लिलावात निघालेला, चार जीबी मेमरीचा, बॅटरी पार मेलेली. वायर जरा निसटली की बंद. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यावर तिने सॅक टाकली, आजीच्या पाया पडली आणि चहा यायच्या आत मला म्हणाली, "मावशी, मला कर्नल बिल्ड करायचाय. माझा स्वतःचा."

"कशाला गो बाय?"

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "युनेम मारलं की शेवटी माझं नाव दिसायला पाहिजे. बस, तेवढंच."

लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमवर 'युनेम -आर' टाइप केलं की चालू कर्नलची आवृत्ती दिसते. कर्नल स्वतः बांधला असेल तर त्या आकड्याला आपल्या पसंतीचं शेपूट जोडता येतं. ते शेपूट तिला हवं होतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरासाठी कर्नल म्हणजे काय हे तिने पाठ केलं होतं: हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्या मधला थर, मेमरी वाटून देणारा, प्रोसेसरची पाळी लावणारा. पाठ केलेली ती व्याख्या हातात धरून बघावीशी वाटली, म्हणून ती आली होती. मला तेवढं कारण पुरलं. मी गेली सतरा वर्षं बारावीपर्यंतच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवते. 'याचा उपयोग काय' हा प्रश्न मुलांना फार लवकर विचारला जातो असं माझं ठाम मत झालंय.

मी पहिला कर्नल बांधला तो २००३ साली. तेव्हा गोव्यात लिनक्सचं वारं होतं. गोवा कम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्टची माणसं परदेशातून आलेले वापरलेले संगणक शाळाशाळांतून लावत होती, त्यांवर लिनक्स चढवत होती. सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावी-बारावीच्या मुलांच्या घरी संगणक येत होते. तसाच एक आमच्याकडे, माझ्या धाकट्या भावाच्या नावावर आलेला. त्यावर मी २.४ मालिकेतला कर्नल कंपाईल करायला, म्हणजे मूळ कोडवरून बांधायला घेतला. मेक मेनुकॉन्फिग (कर्नलमध्ये काय हवं, काय नको ते निवडायची यादी), मेक डेप, मेक बीझेडइमेज: कुणीतरी दिलेल्या झेरॉक्सवरच्या ओळी एकापाठोपाठ एक. रात्रभर मशीन घरघरत होतं. पहाटे रीस्टार्ट केलं, पडद्यावरून अक्षरं भराभर सरकली आणि शेवटच्या ओळीवर येऊन थांबली: 'कर्नल पॅनिक: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन ०३:०२.'

ती ओळ आज मला स्वच्छ वाचता येते. ०३ म्हणजे आयडीई डिस्क, ०२ म्हणजे तिचा दुसरा भाग. कर्नल जागा झाला होता, डिस्क त्याला दिसत होती, पण तिच्यावरची ईएक्सटी३ फाईलसिस्टीम, म्हणजे फाईली मांडायची पद्धत, वाचायची अक्कल त्याच्यात नव्हती. कारण तो पर्याय मी 'वाय' न ठेवता 'एम' ठेवला होता. 'वाय' म्हणजे कर्नलच्या पोटात, 'एम' म्हणजे वेगळं मोड्यूल, लागेल तेव्हा डिस्कवरून उचलायचं. आणि डिस्क वाचायचं मोड्यूल त्याच डिस्कवर पडलेलं. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून टाकावं, तशी गत.

भर म्हणजे मशीन चालू होताना कुठला कर्नल उचलायचा ते ठरवणाऱ्या लिलोच्या यादीतली जुन्या कर्नलची नोंद मी नवखेपणाने पुसून टाकली होती. परतीची वाट उरली नव्हती. ज्याला फोन करून विचारलं त्याने 'आधी डॉक्युमेंटेशन वाच' एवढं सांगून ठेवून दिला. भावाची परीक्षा आठ दिवसांवर. दोन दिवस त्या बंद पडद्यासमोर मी जेवणसुद्धा नीट घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हापशाहून एक मैत्रीण सीडी घेऊन आली आणि अर्ध्या तासात मशीन उभं केलं. पण त्यानंतर दोन वर्षं मी कर्नलच्या वाटेला गेले नाही. मला त्या दोन दिवसांपेक्षा ती दोन वर्षं जास्त लागतात.

पुढे केव्हातरी कळलं की माझ्या त्या फजितीच्या वर्षभर आधी, २००२ च्या सुरुवातीला, कर्नल लिहिणाऱ्यांमध्ये याच गोष्टीवरून मोठा वाद झाला होता. एरिक रेमंड यांनी कर्नलच्या कॉन्फिगरेशनसाठी सीएमएल२ नावाची नवी व्यवस्था लिहिली होती. नवख्यांना सोपं व्हावं हा त्यातला एक हेतू. आपलं म्हणणं पटवायला त्यांनी एक काल्पनिक बाई उभी केली, आंट टिली. आपली टिली मावशी म्हणू. तिला कॉम्प्युटरचं काही कळत नाही. तरी तिला एक बटण दाबून कर्नल बांधता यायला हवा, मशीनने आपलं हार्डवेअर आपणच ओळखावं आणि बाकीचं निस्तरावं, असं त्यांचं म्हणणं. समोरून उत्तर आलं की टिली मावशीने कर्नल बांधायचाच कशाला? तिच्या डिस्ट्रिब्यूशनने, म्हणजे लिनक्स बांधून वाटणाऱ्यांनी, तयार कर्नल दिलाय, तो तिने वापरावा. सीएमएल२ काही कर्नलमध्ये गेलं नाही. त्याला पायथन ही भाषा लागायची, ती पुष्कळांना नको होती, आणि सगळं एकदम बदलायचं होतं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, २.५.४५ मध्ये, रोमान झिपेल यांची केकॉन्फिग ही व्यवस्था आली. आजही तीच चालते.

दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं. मेनुकॉन्फिग उघडून बसायची वेळ कुणाच्याही मावशीवर येऊ नये हेही खरं. पण तो वाद वाचताना मला सारखं वाटत राहिलं की तिथे माणसं दोनच होती: एक सगळं जाणणारा, दुसरी काहीच न जाणणारी आणि जाणून घ्यायची इच्छाही नसलेली. टिली मावशीची भाची कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. जिला येत नाही पण शिकायचंय, जिला बटण नकोय, वाट हवीय. तिची बाजू घेऊन बोलायला मला आवडलं असतं.

त्या दिवशी संध्याकाळी भाचीने कर्नलचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून घेतला. ६.१२ या आवृत्तीचं गाठोडं दीडशे एमबीच्या आसपास. लिनस टॉरव्हल्ड्स यांनी १९९१ मध्ये जो पहिला कर्नल सोडला तो दहा हजार ओळींचा होता, आज साडेतीन कोटींच्या वर गेलाय. त्यातला निम्म्याहून जास्त भाग ड्रायव्हरांचा. तिने सरळ मेनुकॉन्फिग उघडलं. मी मुद्दाम थांबवलं नाही.

निळा पडदा, मधे राखाडी चौकट, बाणाने खाली-वर. ती एकेका ओळीवर जाऊन हेल्प वाचायला लागली. दर दोन-तीन पर्यायांमागे तेच एक वाक्य यायचं: खात्री नसेल तर 'एन' म्हणा. कधी, खात्री नसेल तर 'वाय' म्हणा. अर्धा तास झाला. ती पहिल्या पानाच्या पहिल्या उपपानावरच होती. असे पर्याय दहा हजारांहून जास्त आहेत हे मी तिला सांगितलं नव्हतं.

"मावशी, खात्री नाही म्हणून तर हेल्प उघडतेय ना," ती म्हणाली. आवाज रडवेला नव्हता, पण दमला होता.

आत माजघरात आई माटोळी, गणपतीच्या वर टांगायची रानफळांची चौकट, बांधत होती. मी भाचीला उठवून तिकडे नेलं. तिचे डोळे निवावेत एवढाच माझा हेतू होता, पण तिथे उभं राहिल्यावर मला जे दिसलं ते तिलाही दाखवावंसं वाटलं. माटोळीची लाकडी चौकट वर्षभर माळ्यावर असते. आई ती खाली काढते, पुसते, पण गेल्या वर्षीच्या दोऱ्यांची टोकं सोडत नाही. नारळाची गाठ दुहेरी काथ्याची, ती चारी कोपऱ्यांवर. सुपारीच्या घडाची मधोमध. कवंडळांची बारीक सुतळी. घागऱ्या, शेरवडं, कांगण्या जिथे लोंबतात तिथे दोरीचा नुसता फास उरलेला. आईला सगळ्या रानफळांची नावं येतात, तरी तीसुद्धा कोऱ्या चौकटीपासून कधी सुरू करत नाही. गेल्या वर्षीच्या गाठी बघत जाते. यंदा तोरिंगण मिळालं नाही तर तो फास तसाच ठेवते. वाळपईच्या बाजारात काही नवीन दिसलं तर त्याला एक नवी गाठ.

"तुझ्या मशीनवर आत्ता एक कर्नल चालतोय ना?" मी भाचीला विचारलं. "वायफाय, कीबोर्ड, पडदा सगळं त्याच्यावर चालतंय. मग त्याच्या गाठी बघ की."

चालू कर्नल कसा बांधला होता त्याची पूर्ण फाईल बूट फोल्डरात पडलेली असते. ती सोर्सच्या फोल्डरात 'डॉट कॉन्फिग' म्हणून कॉपी करायची. मग मेक ओल्डडेफकॉन्फिग: जुने निर्णय जसेच्या तसे राहतात, नव्या आवृत्तीत जे पर्याय वाढले त्यांना कर्नलवाल्यांनी ठरवलेलं उत्तर आपोआप मिळतं. दहा हजार प्रश्नांतला एकही तिला कुणी विचारला नाही.

पण ती फाईल सगळ्या जगाच्या मशीनांसाठी बांधलेली. मोड्यूलच काही हजार. त्या लॅपटॉपवर ते बांधायला रात्र आणि पुढचा दिवस गेला असता. इथे स्टीव्हन रोस्टेड्ट यांचे मी मनापासून आभार मानते. २००९ च्या डिसेंबरात आलेल्या २.६.३२ मध्ये त्यांनी मेक लोकलमॉडकॉन्फिग दिलं. ते एलएसमॉडची यादी वाचतं, म्हणजे या क्षणी कुठली मोड्यूलं प्रत्यक्ष वापरात आहेत ते बघतं, आणि बाकीची कॉन्फिगमधून काढून टाकतं. भाचीने यादी मोजली तर शंभराच्या आसपास निघाली. हजारांवरून शंभरावर. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. टिली मावशीच्या वादात जे मशीनने आपणच ओळखावं म्हणून मागितलं गेलं होतं, ते सात वर्षांनी एका साध्या पर्ल स्क्रिप्टमधून आलं. बटण म्हणून आलं नाही, एक पायरी म्हणून आलं, आणि त्या पायरीवर उभं राहून भाचीला आपली यादी वाचता आली: हा साउंडचा, हा वायफायचा, हा टचपॅडचा.

शेपूट जोडायच्या जागी, लोकलव्हर्जन या पर्यायात, तिने आपलं घरातलं नाव टाकलं आणि मेक, म्हणजे प्रत्यक्ष बांधणीची कमांड, सुरू केलं. लॅपटॉप तापेल म्हणून दोन पाटांवर, मधे वारा खेळेल असा ठेवला.

पाच मिनिटांत थांबलं. 'नो रूल टू मेक टार्गेट', आणि पुढे एका सर्टिफिकेट फाईलचं नाव. भाचीने ओळ तीनदा वाचली. पॅकेज कमी पडलं असेल म्हणून शोधू लागली. असं पॅकेज कुठे नाहीच. डिस्ट्रिब्यूशनवाले कर्नल बांधताना आपली, डिजिटल सही तपासायची सर्टिफिकेटं त्यात घालतात, त्या फाईलचा पत्ता त्यांच्या कॉन्फिगमध्ये राहतो, आपण ती कॉन्फिग उचलली की पत्ता येतो आणि फाईल येत नाही. सिस्टीम ट्रस्टेड कीज नावाच्या पर्यायातला तो पत्ता पुसून रिकामा करायचा, काम झालं. काही ठिकाणी रिव्होकेशन कीजमधलाही पुसावा लागतो. दहा सेकंदांचं काम, पण ज्याला ठाऊक नाही त्याचा आख्खा दिवस जातो, आणि तो दिवस आपल्याला काही येत नाही असं मानत जातो. नवख्यांसाठी सोपं करायचं म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी आधी हीच ओळ दाखवीन. एरर खरा आहे, पण तो मेकच्या भाषेत बोलतो. 'ही फाईल तुमच्याकडे असणार नाही, हा पर्याय रिकामा करा' एवढं एक वाक्य त्याच जागी छापलं असतं तर कितीजण टिकले असते.

डीबगची, म्हणजे चुका शोधायला लागणारी माहितीही मी तिला बंद करायला लावली. ती चालू राहिली तर पूर्ण कॉन्फिगच्या बिल्डचं फोल्डर वीस जीबीच्या वर फुगतं, आणि तिच्या डिस्कवर अकरा जीबी उरले होते. सिक्युअर बूट या सुरक्षा-तपासणीचा प्रश्न त्या लॅपटॉपवर नव्हता. नव्या मशीनवर तो असतो. आपण सही न केलेला कर्नल ते चालू करू देत नाही, तेव्हा एक तर ते बंद करायचं किंवा आपली किल्ली नोंदवायची.

आरती सुरू झाली तेव्हा बिल्ड अर्ध्यावर होतं. घुमटाचा ठेका रंगात आला आणि वीज गेली. समईच्या उजेडात मला भाचीचा चेहरा दिसला. आरती म्हणत होती, पण डोळे सोप्याकडे. लॅपटॉपला बॅटरी नाही हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. प्रसाद वाटून झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "पहिल्यापासून?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही. मेक आठवण ठेवतं." जी फाईल बांधून झाली तिला ते परत हात लावत नाही. वीज आली, तिने तीच कमांड पुन्हा मारली आणि पडदा जिथून थांबला होता जवळजवळ तिथूनच पुढे सरकला. एकाच जागी अडला: वीज जाताना बांधलेल्या तुकड्याची जी डॉट-ओ फाईल लिहिली जात होती ती रिकामी राहिली होती. ती पुसली, पुन्हा मेक. सव्वा तासात झालं.

इन्स्टॉल करायला मी तिला मेक बिनडेब-पीकेजी शिकवलं. आपण बांधलेल्या कर्नलचं डेब पॅकेज तयार होतं, इतर कुठल्याही पॅकेजसारखं बसतं आणि नको झालं तर तसंच काढता येतं. जुना कर्नल हलत नाही. मशीन चालू होताना कर्नल निवडू देणाऱ्या ग्रबच्या यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'खाली दोन्ही एकाखाली एक दिसतात. रीस्टार्ट करायच्या आधी मी तिला ती यादी उघडून दाखवली आणि जुन्या कर्नलवर बोट ठेवून म्हटलं, "काहीही झालं तरी हा आहे." हे वाक्य मला २००३ साली हवं होतं.

नवा कर्नल पहिल्या फटक्यात उठला. तिने युनेम मारलं. ६.१२, पुढे एक आकडा, आडवी रेघ आणि रेघेला चिकटून तिचं नाव. आजीला हाक मारून आणलं. आजीने चष्मा लावून पडद्यावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "हे तू लिवलंस?" भाची म्हणाली, "होय आजी." तिच्या दृष्टीने ते खरंच होतं, आणि माझ्याही.

दुसऱ्या दिवशी पाऊस असा कोसळला की घरचं ब्रॉडबँड बंद पडलं. भाचीने फोन केबलने लॅपटॉपला जोडला, टेदरिंग चालू केलं. काहीच नाही. पेनड्राईव्ह लावून बघितला, तोही दिसेना. फोन तपासला, केबल बदलली. मी स्वयंपाकघरात पातोळ्या वाफवत होते. मला यायला वेळ लागला आणि तो लागला हे बरंच झालं. मी पोचले तेव्हा ती एलएसमॉड उघडून बसली होती. "मावशी, परवा यादी केली तेव्हा फोन लावलाच नव्हता ना मी?"

तेच. लोकलमॉडकॉन्फिगला त्या क्षणी जे जोडलेलं असेल तेवढंच कळतं. मशीन चालू केल्यापासून फोन जोडला नव्हता, म्हणून केबलवरून फोनचं नेट घेणारं आरएनडीआयएसचं मोड्यूल यादीत नव्हतं; पेनड्राईव्ह लावला नव्हता, म्हणून यूएसबी स्टोरेजही गेलं. ती न सांगता उठली, रीस्टार्ट केलं, ग्रबमधून जुना कर्नल निवडला. फोन लावला, पेनड्राईव्ह लावला, कपाटातून माझा प्रिंटर ओढून आणला, शेजारच्या मुलाचा गेमपॅड मागून आणला. सगळं जोडून परत यादी केली आणि परत मेक. या खेपेला बरंचसं आधीच बांधलेलं असल्याने पातोळ्या निवायच्या आत झालं.

कर्नलच्या स्वतःच्या कागदपत्रांत २०२३ पासून थॉर्स्टन लीमहुइस यांनी लिहिलेलं एक मार्गदर्शन आहे, आपल्यापुरता छाटलेला कर्नल लवकर कसा बांधावा याचं. पहिलीच सूचना बॅकअप घ्या आणि मशीन दुरुस्त करायची साधनं हाताशी ठेवा अशी. लोकलमॉडकॉन्फिगचा हा धोकाही त्यात सांगितलाय. मी ते वाचलं तेव्हा बरं वाटलं, की कुणीतरी भाचीला समोर बसवून लिहिलंय. त्याच कागदपत्रांत भाषांतरांचं एक फोल्डर आहे. चिनी आहे, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश आहे. मराठी नाही, हिंदीही नाही. माझ्या वर्गातली पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण अडल्यावर, घाबरल्यावर, रात्री एकटं असताना इंग्रजी वाचणं वेगळं. म्हणून मी गेली काही वर्षं एक वही ठेवलीय, दोनशेपानी. कमांड, तिचा अर्थ, ती मारल्यावर पडद्यावर काय दिसेल, आणि काय दिसलं तर घाबरायचं नाही. सर्टिफिकेटच्या एररला तिच्यात पूर्ण पान आहे.

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. सहाव्या दिवशी सकाळी भाची फर्मागुढीला हॉस्टेलवर निघाली. तिने वही मागितली. तिच्या खोलीतल्या दोघींनाही युनेममध्ये नावं हवी होती म्हणे. मी दिली, पण आधी लोकलमॉडकॉन्फिगच्या पानाचा फोटो काढून ठेवला, कारण त्यावर माझ्या अक्षराच्या वर, समासातल्या मोकळ्या जागेत, हिरव्या पेनने तिने एक ओळ घातली होती: 'आधी फोन, पेनड्राईव्ह, प्रिंटर सगळं जोडा. मैत्रिणीकडे काही असेल तर तेही मागून आणा.'